सेतोगावाच्या काठाने: हिदा-फुरुकावातला पाट, कोई मासे आणि पांढरी कोठारं

जपानमधल्या हिदा-फुरुकावाला जायचं ठरवताना पहिला प्रश्न महिन्याचा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत इथल्या सेतोगावा नावाच्या पाटात एकही कोई मासा, म्हणजे शोभेचा रंगीत कार्प, नसतो. खास मासे पाहायला म्हणून जानेवारीत आलेल्या माणसाला पाटात फक्त पाणी आणि बर्फ दिसतं, आणि त्याची समजूत होते की मासे मेले किंवा कुणी काढून नेले. ते काढून नेलेलेच असतात, पण सांभाळण्यासाठी. हिवाळ्यात मासे कुठे जातात आणि का, हे कळलं की पाटाकाठची ही गल्ली अशी का दिसते याचं निम्मं उत्तर हाती येतं.

गाव जपानच्या मध्यभागी, गिफू प्रांताच्या उत्तर टोकाला आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवरचं, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं खोरं. अराकी नदी इथे मियागावा नदीला मिळते, आणि तेच पाणी पुढे जिन्झू नदी होऊन उत्तरेला तोयामाच्या उपसागरात जातं. प्रसिद्ध ताकायामा इथून दक्षिणेला १५ किलोमीटरवर. बहुतेक लोक ताकायामात मुक्काम करून फुरुकावाला अर्ध्या दिवसासाठी येतात. बेत चांगला आहे, फक्त तो अर्धा दिवस खरोखर अर्धा दिवस असायला हवा. गाडीतून उतरून पाऊण तासात परत फिरणाऱ्यांना पाटाचा एक फोटो मिळतो, बाकी काही नाही.

नागोयाहून ‘हिदा’ नावाची एक्सप्रेस ताकायामाला सुमारे अडीच तासांत पोहोचते. तिच्या बऱ्याच फेऱ्या ताकायामालाच संपतात, काही पुढे फुरुकावा आणि तोयामाकडे जातात. उरलेल्या वेळी ताकायामाला लोकल डिझेल गाडी पकडायची. एक-दोन डब्यांची ही गाडी पाव तासाच्या आसपास फुरुकावाला सोडते. अडचण वेळापत्रकाची आहे. दुपारच्या वेळी दोन गाड्यांमध्ये तास-दीड तासाचं, कधी त्याहून मोठं अंतर पडतं. म्हणून फुरुकावाला उतरल्याबरोबर, स्टेशनाबाहेर पाऊल टाकण्याआधी, परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा टिपून ठेवायच्या. गाडी चुकली तर ताकायामा स्टेशनाशेजारच्या बसतळाकडे जाणारी नोही कंपनीची बस आहे, ती अर्धा तास घेते. टोकियोहून येणाऱ्यांना नागोयाचा वळसा घालायलाच हवा असं नाही. होकुरिकु शिनकानसेनने दोन तासांच्या थोडं वर तोयामा, आणि तिथून ‘हिदा’ एक्सप्रेसने सव्वा तासाच्या आसपास फुरुकावा. मियागावाच्या घळीतून जाणारा हा मार्ग मला नागोयाकडच्या मार्गापेक्षा जास्त आवडतो. देशभराचा जेआर रेल्वे पास दोन्ही मार्गांवर चालतो.

मोठी बॅग ताकायामालाच ठेवून यावी. फुरुकावाची गल्ली अरुंद आहे, पाटाकाठची वाट त्याहून अरुंद, आणि चाकांची बॅग दगडी फरशीवरून ओढत नेली तर शेजारच्या घरातल्या माणसांना तो आवाज नकोसा होतो. ही माणसं तिथे खरोखर राहतात. खिशात १०० येनची चार-पाच नाणी हवीत. माशांचं खाद्य नाण्यांवर मिळतं आणि काठावर सुटे करून द्यायला कुणी बसलेलं नसतं.

स्टेशनापासून पाटापर्यंत पायी पाच-सात मिनिटं. पाट नजरेला पडायच्या आधी कानावर पडतो. उतार बेताचाच, पण पाणी सतत हलतं असतं. पाट दीडएक मीटर रुंद, दोन्ही कडांना दगडी बांधणीचा. एका बाजूला पायवाट आणि दुसऱ्या बाजूला थेट पाण्यालगत उभ्या राहिलेल्या कोठारांच्या पाठी. या गल्लीकडे कोठारांनी पाठ फिरवलेली आहे, हे लक्षात घेतलं पाहिजे. दर्शनी दारं पलीकडच्या इचिनोमाची म्हणजे पहिल्या पेठेच्या रस्त्यावर उघडतात. आपण पाहतो ती व्यापाऱ्यांच्या वाड्यांची मागची बाजू आहे, आणि ती इतकी देखणी आहे.

पाट सुमारे ४०० वर्षांचा आहे. १५८५ मध्ये कानामोरी नागाचिकाने हिदा प्रांत जिंकला आणि ताकायामाला बस्तान बसवलं. त्याचा दत्तक मुलगा आरिशिगे याने फुरुकावाला मासुशिमा किल्ला बांधला आणि किल्ल्याभोवती गाव आखलं. किल्ल्याच्या खंदकाचं पाणी पुढे नव्या भातखाचरांना पोहोचवायचं, म्हणून हा पाट काढला. त्याने आणखी एक काम केलं: एका बाजूला सामुराईंची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्यांच्या पेठा, यांच्यामधली हद्द त्याने आखून दिली. १६९२ मध्ये कानामोरी घराण्याची बदली होऊन हिदा प्रांत थेट शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, अखत्यारीत गेला, किल्ल्याचं महत्त्व सरलं, सामुराई गेले. पाट मात्र राहिला, कारण त्याची गरज कुठल्या राजवटीला नव्हती, गावाला होती. भाताला पाणी, धुण्याला पाणी, आग लागली तर विझवायला पाणी, आणि हिवाळ्यात बर्फ वाहून न्यायला पाणी.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या वर्षांत याच पाटात कचरा पडू लागला. घराघरात नळ आला की पाटाकडे पाहायची नजर बदलते, हे आपल्याकडच्या कुठल्याही ओढ्याकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी पाट साफ केला आणि त्यात कोई सोडले. ‘मासे पाणी स्वच्छ करतात’ असं सर्रास सांगितलं जातं, ते बरोबर नाही. कोई हा तळ उकरणारा, भरपूर खाणारा आणि तेवढीच घाण करणारा मासा आहे. साचलेल्या पाण्यात तो पाणी गढूळच करेल. इथे पाणी स्वच्छ राहिलं ते दोन कारणांनी: पाणी वाहतं आहे, आणि ज्या पाण्यात रोज खायला घातलेले मासे फिरतात त्यात कुणी उष्टं-खरकटं टाकत नाही. ‘कचरा टाकू नका’ ही पाटी जे काम करू शकली नसती ते माशांनी केलं. आज पाटात सुमारे १,००० मासे आहेत, आणि त्यांचं खाणं, पाटाची सफाई, जाळीत अडकलेला पालापाचोळा काढणं हे काम काठावरचे रहिवासी करतात.

आता हिवाळ्याकडे येऊ. नोव्हेंबरच्या अखेरीस माशांचं स्थलांतर होतं. पाण्याची पातळी उतरवतात, मासे जाळ्यांनी एका भागात गोळा करतात, हाताच्या जाळ्यांत धरून ट्रकवरच्या टाक्यांत भरतात आणि मासुशिमा किल्ल्याच्या जागेवर उरलेल्या तळ्यात नेऊन सोडतात. ज्या खंदकाच्या पाण्यावर पाट निघाला, त्याच किल्ल्याच्या आवारात मासे हिवाळा काढतात. धरताना मासा ओल्या जाळ्यातच राहायला हवा. कोरड्या हाताने धरला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच थर त्याला रोगांपासून वाचवतो. थंड पाण्यात जखम भरत नाही, म्हणून तेव्हाचा एक ओरखडा वसंतात महागात पडतो.

मासे हलवायचं कारण थंडी नाही. कोई थंडी सोसतो. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की त्याचं खाणं जवळजवळ थांबतं, ५ अंशांच्या आसपास तो तळाशी स्थिर होऊन नुसता तग धरून राहतो. खरं कारण बर्फ. इथे हिवाळ्यात छपरावरून आणि अंगणातून खरवडलेला बर्फ टाकायला मोकळी जागाच नाही, घरं एकमेकांना खेटून आहेत. तेव्हा तो पाटात ढकलतात आणि पाणी तो विरघळवत नदीकडे नेतं. बर्फ वाहून नेणाऱ्या पाटांत नेहमीची चूक एकच होते: मोठी ढेकळं एकदम टाकली जातात, ती अरुंद जागी किंवा वळणावर अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि कडेवरून घरात शिरतं. म्हणून बर्फ फावड्याने फोडून, थोडा थोडा टाकायचा आणि खालच्या अंगाला प्रवाह मोकळा आहे ना हे पाहत राहायचं. अशा पाण्यात सुस्तावलेल्या माशाला उभं राहायला जागा नसते. तो ढेकळांखाली चिरडेल किंवा वाहून जाळीवर आदळेल. एप्रिलच्या सुरुवातीला बर्फ संपला की मासे परत पाटात येतात.

यावरून महिना ठरवता येतो. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात मासे नुकतेच आलेले असतात, पण बर्फाचं पाणी थंड असल्यामुळे गटागटाने खालीच बसून राहतात. खाद्य टाकलं तरी वर यायला वेळ लावतात. पाणी १५ अंशांच्या वर गेलं की त्यांना खरी भूक लागते, म्हणजे मेपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ उत्तम. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. मुसळधार पावसानंतर एखादा दिवस पाणी गढूळ राहतं आणि १,००० मासे असूनही डोळ्यांना सावल्याच दिसतात. सप्टेंबरच्या वादळांनंतरही तेच. दोन दिवस हाताशी असतील तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी देवळं पाहा आणि पाट तिसऱ्या दिवसावर ठेवा. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबरची सुरुवात ही माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ. पानं रंगलेली, पाणी नितळ, मासे वर्षभर खाऊन गलेलठ्ठ.

खाद्य घालण्याची पद्धत सांगतो, कारण चुका इथेच होतात. काठावर छोट्या खोक्यात खाद्याची पाकिटं असतात. १०० येनचं नाणं पेटीत टाकायचं आणि एक पाकीट घ्यायचं. कुणी पाहत नसतं, आणि म्हणूनच हिशोब चोख ठेवायचा. खाद्य म्हणजे तरंगणाऱ्या गोळ्या. वाहत्या पाण्यात मासे तोंड वरच्या अंगाला, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला करून उभे असतात. म्हणून गोळ्या माशांच्या डोक्यावर टाकायच्या नाहीत. टाकल्या तर अर्ध्याअधिक त्यांच्या शेपटीमागे वाहून जातात. दोन-तीन पावलं वर जाऊन चिमूटभर, पाटाच्या रुंदीभर पसरून टाकायच्या. गोळ्या खाली येतात आणि मासे जागचे न हलता तोंड उघडतात. मूठ एकदम टाकली की चाळीस मासे एकमेकांवर चढतात, मोठे धाकट्यांना दगडावर घासतात आणि खवले निघतात. कोईला पोट, म्हणजे जठर नसतं, अन्न थेट आतड्यात जातं. त्यामुळे थोडं आणि वारंवार हे त्याच्या शरीराला मानवतं, एकदम भरपूर मानवत नाही. पाच मिनिटांत संपेल एवढंच एका जागी टाकावं.

घरून आणलेलं काहीही टाकू नका. पाव पाण्यात फुगतो, शेव आणि चिवड्याचं तेल पाण्यावर तवंग धरतं, मीठ-मसाल्याचं तर बोलायलाच नको. लहान मुलांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पाण्यात हात घालून मासा कुरवाळायचा नाही. हाताला सनस्क्रीन किंवा डास पळवणारं मलम असेल तर ते पाण्यात उतरतं. आणि दुसरीकडचा मासा, अगदी निरोगी दिसणारासुद्धा, इथे सोडायचा नाही. कोईला होणारा नागीणवर्गीय विषाणूचा आजार सगळा कळप संपवू शकतो आणि त्यावर औषध नाही.

मासे ओळखायला सोपे आहेत, थोडं थांबून पाहिलं तर. रंगीत कोईंची पैदास एकोणिसाव्या शतकात सुरू झाली ती निइगाता प्रांतातल्या डोंगरी गावांत, भातखाचरांना पाणी देणाऱ्या तळ्यांमध्ये खाण्यासाठी पाळलेल्या काळ्या माशांतून. पांढऱ्या अंगावर लाल ठिपके म्हणजे कोहाकु. त्यावर शिवाय काळे ठिपके, पण डोक्यावर काळं नाही, तो तायशो सान्शोकु. काळं डोक्यावरही चढलेलं असेल तर शोवा. पाठीवर निळसर जाळी आणि पोटाकडे लाल, तो आसागी. अंगभर एकच धातूसारखी चमक, तो ओगोन. पूर्ण पांढऱ्या माशाच्या कपाळावर एकच लाल टिकली असली तर तांचो. साधे काळे मासे, मागोई, हेच सगळ्यांचे पूर्वज. पाटातले मासे स्पर्धेतले नाहीत, ठिपक्यांच्या कडा फिसकटलेल्या असतात. त्याने काही बिघडत नाही. पांढऱ्या भिंतीच्या प्रतिबिंबावरून लाल मासा सरकताना ज्याने पाहिला तो ठिपक्यांच्या कडा मोजत बसत नाही.

फोटो काढताना त्याच प्रतिबिंबाची अडचण होते. पांढरी भिंत पाण्यात पडते आणि तिच्याखाली मासा दिसेनासा होतो. ध्रुवण (पोलरायझिंग) फिल्टर असेल तर पाण्याकडे साधारण ३५ ते ४० अंशांच्या कोनातून पाहा आणि फिल्टर हळूहळू फिरवा, एका जागी चकाकी पुसली जाते. अगदी वरून, सरळ खाली पाहत फिल्टरचा काही उपयोग होत नाही. फोनवर काढणाऱ्यांनी ढगाळ सकाळ गाठावी किंवा भिंतीची सावली पाण्यावर पडली असेल ती जागा शोधावी. सकाळी दहाच्या आत ताकायामाकडच्या सहली आलेल्या नसतात. तिपाई लावू नका, वाट रहिवाशांच्या येण्याजाण्याची आहे.

मासे पाहून झाले की नजर वर न्या. बहुतेकांची इथे घाई होते, आणि माझ्या मते खरी गंमत इथूनच पुढे आहे. जपानीत या कोठाराला दोझो म्हणतात, मातीचं कोठार. मूळ भीती आगीची. हिदात कडाक्याच्या थंडीत साधी कौलं पाणी पिऊन, गोठून तडकत. म्हणून घरांवर लाकडी फळ्यांची छपरं घालून वर दगड ठेवायची पद्धत होती. एका घराची ठिणगी उडाली की पेठ जळे. १९०४ च्या ऑगस्टमध्ये फुरुकावा असंच जळालं, गावाचा मोठा भाग राख झाला. आज दिसणारी बहुतेक घरं त्यानंतरची आहेत. धान्य, साके म्हणजे तांदळाची दारू, कपडेलत्ते, कागदपत्रं, उत्सवाचं सामान जळू नये म्हणून ते वेगळ्या मातीच्या पेटीत ठेवायचं, ही दोझोमागची कल्पना.

बांधणी अशी. लाकडी सांगाड्याच्या बाहेरून बांबूचा कूड बांधायचा, काथ्याने किंवा पेंढ्याच्या दोरीने गच्च. माती पेंढा घालून आधीच काही महिने कुजत ठेवलेली असते. पेंढा कुजला की माती चिकट होते आणि वाळताना कमी फुटते. मग एकावर एक लेप. पहिला लेप पूर्ण वाळून भेगाळेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. त्या भेगाच पुढच्या लेपाला धरून ठेवतात. घाई केली तर आत ओल अडकते, कूड कुजतो आणि काही वर्षांनी भिंत पोट काढते. एक चांगलं कोठार उभं राहायला वर्ष-दोन वर्षं सहज जात. भिंत वीस-तीस सेंटिमीटर किंवा जास्तच जाड. शेवटी शिक्कुई, म्हणजे चुन्याचा गिलावा. त्यात चुना, तागासारखे बारीक तंतू आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेला डिंक. आपल्याकडे वाड्यांच्या चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत, तिथे शेवाळ. दोन्हीकडे हेतू साधारण सारखा, चुना लवकर सुकून फुटू नये आणि हाताखाली लोण्यासारखा फिरावा.

छप्पर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. हिदाच्या कोठारांवर मातीचं छत बंद करून त्यावर वेगळं लाकडी छप्पर नुसतं ठेवलेलं असतं, मध्ये हवा खेळते. वळचणीशी उभं राहून वर पाहिलं की दोहोंमधली फट दिसते. उन्हाळ्यात आत गारवा राहतो, हा एक फायदा. दुसरा असा की वरचं छप्पर जळालं तरी खालची मातीची पेटी शाबूत राहते. दारं आणि खिडक्यांच्या झडपा तिजोरीसारख्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडांच्या, एकमेकींत बसणाऱ्या. आगीची वर्दी आली की त्या बंद करून फटी ओल्या मातीने लिंपून टाकत, त्यासाठी माती तयार ठेवलेली असे. आग विझल्यावर लगेच दार उघडायचं नाही, हा त्याहून महत्त्वाचा नियम. आतली हवा तापलेली असते. दार उघडताच बाहेरची हवा शिरते आणि वाचलेला माल डोळ्यांदेखत पेटतो. कोठार निवेपर्यंत, गरज पडली तर काही दिवस, थांबायचं.

या भिंतींचा आजचा शत्रू आग नव्हे, पाणी. छपरावरून पडणाऱ्या पागोळ्या जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याला उडतात, बर्फ महिनोन्‌महिने टेकून राहतो. चुन्यामागे शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि गिलाव्याचा पापुद्रा सुटतो. म्हणूनच खाली दगडी जोतं, काही ठिकाणी भिंतीच्या खालच्या भागावर लाकडी फळ्यांचं आवरण, आणि वर लांब पुढे आलेली वळचण. फळ्या खराब झाल्या की बदलायच्या, भिंत वाचते. कुठे नवा पांढरा तुकडा जुन्या पिवळसर भिंतीत दिसला तर ती ताजी डागडुजी आहे. भिंतीला हात टेकू नका, पाठ टेकून फोटो तर मुळीच नको. चुन्यावर घामाचा आणि तेलाचा डाग कायमचा बसतो.

यातली काही मोठी कोठारं साकेच्या दोन भट्ट्यांची आहेत. काबा ही १७०४ पासूनची, ‘शिरामायुमी’ नावाची साके करणारी, आणि वातानाबे ही १८७० पासूनची, ‘होराई’वाली. दुकानं पुढच्या रस्त्यावर. दारावर देवदारासारख्या सुगी झाडाच्या डहाळ्यांचा मोठा गोळा टांगलेला दिसतो. तो हिरवागार असला तर त्या हंगामाची नवी साके तयार झाली असं समजायचं. पुढे तो तपकिरी होत जातो आणि आत साके मुरते आहे हे सांगतो. एक सावधगिरी: चव घ्यायची असेल तर गाडीच काय, भाड्याची सायकलही चालवायची नाही. जपानमध्ये दारू पिऊन सायकल चालवणं हा दंडनीय गुन्हा आहे.

साध्या घरांच्या वळचणीखाली आडव्या तुळयांची टोकं पांढऱ्या रंगाने उठवलेली, नक्षी कोरलेली दिसतील. यांना कूमो, म्हणजे ढग, म्हणतात. प्रत्येक सुताराची नक्षी वेगळी, तीच त्याची सही. हिदाच्या सुतारांची ख्याती जुनी आहे. आठव्या शतकातल्या कायद्याने या गरीब डोंगरी प्रांताला काही कर माफ केले होते, आणि बदल्यात दर ५० घरांच्या गावामागे दहा कारागीर राजधानीला पाठवायचे असा नियम होता. पाटाजवळच्या ‘हिदा नो ताकुमी बुंकाकान’ या संग्रहालयात लाकडाचे सांधे हातात घेऊन जोडता-सोडवता येतात. चिदोरी-गोशी नावाची जाळी जरूर हाताळा. प्रत्येक पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून जाते, आणि ती आत घातली कशी हे पटकन उमगत नाही. गावात नवं घर बांधतानाही आजूबाजूच्या घरांशी उंची, रंग, वळचण जुळवून घेतात. शेजाऱ्यांपेक्षा वेगळं उठून दिसणाऱ्या बांधकामाला इथे ‘सोबा-कुझुशी’ म्हणतात, म्हणजे चालत आलेला भाव मोडणं, आणि तो शब्द ऐकून घ्यायची कुणाची तयारी नसते.

पाटाला लागूनच एन्कोजी हे देऊळ. त्याचं प्रवेशद्वार मासुशिमा किल्ल्याचं, तिथून आणून बसवलेलं. मुख्य वास्तूच्या छपराखालच्या त्रिकोणी भिंतीवर कासव कोरलेलं आहे, पाण्याला हाक मारणारं कासव. त्याच्यामुळे १९०४ च्या आगीत देऊळ वाचलं असं गाव मानतं. होन्कोजी हे त्याच आगीत जळालं आणि १९१३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. हिदातलं ते सगळ्यात मोठं लाकडी देऊळ. तिसरं शिन्शूजी नदीपलीकडे. तिन्ही मिळून दीड तासात आरामात होतात.

१५ जानेवारीला मात्र माशांवाचूनही यावं. त्या दिवशी सांतेरा-माइरी, म्हणजे तीन देवळांची वारी असते. शिनरान या संताच्या स्मरणार्थ सुरू झालेली ही प्रथा. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) या भागातल्या मुली १,६७२ मीटर उंचीची नोमुगी खिंड ओलांडून शिन्शूच्या, म्हणजे आजच्या नागानो प्रांतातल्या, रेशीम गिरण्यांत कामाला जात. वर्षअखेरीस घरी परतलेल्या मुली नटूनथटून या वारीला येत आणि तिथे सोयरिकी जुळत. आता रस्त्यावर माणसाहून उंच बर्फाच्या मेणबत्त्या उभारतात, आणि रिकाम्या पाटाच्या काठावर लोक मेणबत्त्या लावतात. इच्छा मागायची तर पांढरी, मागची पूर्ण झाली असेल तर लाल. हातात लाल मेणबत्ती घेतलेली वयस्क जोडपी दिसतात. मेणबत्त्या बनवणारं मिशिमा हे दुकान गावात दोनशेहून अधिक वर्षं आहे. हाझे झाडाच्या फळांचं मेण, आणि कागदावर लव्हाळ्याचा गर गुंडाळून केलेली पोकळ वात. वात जाड असल्याने ज्योत मोठी आणि हलती असते, पण काजळीचं टोक मधूनमधून चिमट्याने कापावं लागतं, नाही तर ती धूर धरते. त्या रात्री तापमान शून्याखाली जातं. बुटांना खाली पकड हवी, कारण तुडवलेला बर्फ काचेसारखा होतो.

१९ आणि २० एप्रिलला केता वाकामिया देवस्थानाचा फुरुकावा उत्सव असतो. रात्री उघड्या अंगाच्या शेकडो पुरुषांच्या खांद्यावर फिरणारा ओकोशी-दाइको ढोल आणि दिवसा नऊ रथ. २०१६ मध्ये जपानमधल्या अशा ३३ उत्सवांना मिळून युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, त्यात हाही आहे. त्या दोन दिवशी पाट निवांत पाहायचा बेत करू नका, आणि मुक्कामाची सोय काही महिने आधी लावा.

खाण्याचं थोडक्यात. हिदाचं गोमांस जागोजागी आहे. शाकाहारी माणसाला खरी अडचण वेगळीच: भाजी किंवा नूडल्स दिसायला निर्धोक, पण रस्सा बहुधा सुक्या माशाच्या दाशीचा, म्हणजे अर्काचा. ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको, एवढं म्हणून भागत नाही. ‘दाशी मो सकाना नाशी’ म्हणजे दाशीतही मासा नको, हे कागदावर जपानीत लिहून दाखवावं. काठीवर भाजलेली मिताराशी दांगो ही तांदळाच्या पिठाची गोळी आहे. हिदात ती गोड नसते, सोयासॉसची खारट असते. कुटलेल्या भाताला पुदिन्याच्या कुळातल्या एगोमाचा किंवा अक्रोडाचा मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) लावून भाजलेलं गोहेइमोची पोटभरीचं. सॉसमध्ये दाशी आहे का, हे इथेही विचारून घ्यायचं.

दांगोची काठी, माशांच्या खाद्याचं रिकामं पाकीट, पाण्याची बाटली, हे सगळं पिशवीत परत न्यायचं. वाटेत कचराकुंडी भेटेल या भरवशावर राहू नका. आणि पाकिटात गोळ्या उरल्या असतील तर गाडीची वेळ झाली म्हणून त्या पुलावरून एकदम ओतू नका. काठावर एखादं मूल दिसेल, त्याच्या आईला विचारून त्याच्या हातात द्या.